बळाची नोंद

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून भाषा, संस्कृती आणि संस्कार या विषयांवर पुष्कळ बोलले जाते. महाराष्ट्राबाहेर साठ वर्षे मराठी माध्यमाची शाळा चालवणाऱ्या समाजाने ते बोलावेही. आजचा विषय मात्र लोखंडाचा आहे. शक्तितोलन, म्हणजे बोलीत ज्याला पॉवरलिफ्टिंग म्हणतात, त्या खेळाच्या स्पर्धांत स्त्रिया उतरू लागल्या त्याला जेमतेम अर्धे शतक होत आहे. नववी-दहावीच्या विद्यार्थिनींसाठी बलसाधनेचा वर्ग सुरू करावा, असा प्रस्ताव या महोत्सवी वर्षात शालेय समितीपुढे आला आहे. त्याविषयी पालकांच्या मनात शंका आहेत आणि त्या रास्त आहेत. त्यांचा विचार करण्यापूर्वी हा खेळ कोठून आला आणि तो मुलींना नेमके काय देतो, हे पाहणे उचित ठरेल.

बडोद्याला व्यायामाचे वावडे कधीच नव्हते. जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य प्रा. माणिकराव यांच्या आखाड्याने या नगरीला शरीरसाधनेची परंपरा दिली. त्याच बडोद्यात मे १९५४ मध्ये एक कुस्ती झाली. अलीगढची हमीदा बानू ही स्त्री पहिलवान बाबा पहिलवान यांच्याविरुद्ध उतरली आणि अवघ्या १ मिनिट ३४ सेकंदांत तिने कुस्ती जिंकली. ‘जो मला कुस्तीत हरवील त्याच्याशी मी लग्न करीन,’ असे तिचे जाहीर आव्हान होते. वृत्तपत्रांनी तिचे वजन छापले, उंची छापली, ती रोज किती दूध पिते आणि किती अंडी खाते तेही छापले. लोक तिकिटे काढून पाहायला आले. पण तिच्यासाठी ना वजनगट होता, ना स्त्रियांची स्पर्धा, ना विक्रमांची वही. तिच्या मागून येणाऱ्या एखाद्या मुलीला ‘एवढे करून दाखव’ असे सांगता येईल, असा एकही आकडा मागे राहिला नाही. राहिली ती केवळ नवलाची गोष्ट. उत्तरायुष्य तिने हलाखीत काढले.

स्त्रीच्या बळाचे आपल्याकडे असेच होत आले आहे. एक तर त्याचे नवल झाले, नाही तर त्याचे नावच घेतले गेले नाही. पहाटे जात्याचा खुंटा ओढणारी, उखळात मुसळ घालणारी, विहिरीवरून डोईवर हंडा आणि काखेत कळशी घेऊन येणारी बाई अशक्त होती, असे कोण म्हणेल? आजही घरगुती गॅसचे भरलेले सिलिंडर सुमारे तीस किलोंचे असते आणि दारापासून ओट्यापर्यंत ते सरकवणारे हात बहुधा बांगड्यांचेच असतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. या पाच तासांत किती किलो उचलले गेले, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. ते काम ठरते, बळ ठरत नाही.

शक्तितोलनाने नेमका येथे फरक केला. उचललेले वजन मोजायचे, ते तीन पंचांसमोर उचलायचे आणि उचलणारीच्या नावापुढे लिहून ठेवायचे, एवढीच ही गोष्ट आहे. पण तिच्यासाठीही कोणाला तरी प्रथम आग्रह धरावा लागला.

तो धरणाऱ्यांत एक शिक्षिका होती. अमेरिकेतील जॅन टॉड १९७३ मध्ये आपल्या पतीबरोबर, टेरी टॉड या माजी शक्तितोलन विजेत्याबरोबर, टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरातल्या एका व्यायामशाळेत गेली. तेथे एक लहानखुरी स्त्री जमिनीवरचे जड वजन उचलताना तिने पाहिली आणि स्वतःही बारला हात घातला. पुढे गिनेसच्या विक्रमग्रंथात तिला स्त्रियांचा एक जुना विक्रम सापडला. तो १९२६ सालचा होता. जवळजवळ पन्नास वर्षे तो कोणी मोडला नव्हता, कारण मोडण्यासाठी स्त्रियांना कोणी बोलावलेच नव्हते. जॅनने १९७५ मध्ये सुमारे १७९ किलो उचलून तो मोडला. त्या काळात ती कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात शाळेत शिकवीत होती. १९७९ मध्ये तिने स्कॉटलंडमधील ‘डिनी स्टोन्स’ ही सुमारे ३३२ किलोंची प्रसिद्ध दगडांची जोडी उचलली. असे करणारी ती पहिली स्त्री होती.

एकटीच्या विक्रमाने खेळ उभा राहत नाही. १९७७ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातील नॅशुआ येथे स्त्रियांची पहिली राष्ट्रीय शक्तितोलन स्पर्धा भरली. १९८० मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने मॅसॅच्युसेट्समधील लोवेल येथे स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा घेतली. जॅन टॉड पुढे टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक झाली आणि शरीरसाधनेच्या इतिहासाचे मोठे ग्रंथालय व संग्रहालय तिने पतीसह उभे केले. जिने बळ कमावले, तिनेच बळाची नोंद जपण्याचे काम हाती घ्यावे, यात मोठे औचित्य आहे.

हा खेळ समजायला सोपा आहे. त्यात तीन प्रकार असतात. खांद्यांवर बार घेऊन खाली बसून उठायचे, तो स्क्वॉट. बाकावर उताणे पडून बार छातीपर्यंत आणायचा आणि पुन्हा वर ढकलायचा, तो बेंच प्रेस. जमिनीवरचा बार उचलून ताठ उभे राहायचे, तो डेडलिफ्ट. प्रत्येक प्रकारात तीन प्रयत्न मिळतात आणि प्रत्येकातील सर्वोत्तम वजनांची बेरीज धरली जाते. समोर आणि दोन्ही बाजूंना असे तीन पंच बसतात. प्रयत्न नियमात असेल तर पांढरा दिवा, नसेल तर लाल. तिघांपैकी दोघांचे पांढरे दिवे लागले, तरच वजन मान्य होते. स्क्वॉटमध्ये नितंबाचा सांधा गुडघ्याच्या खाली गेलाच पाहिजे, बेंच प्रेसमध्ये बार छातीवर स्थिर झाल्यावर पंचांची आज्ञा होईपर्यंत थांबलेच पाहिजे. एखाद्या प्रकारातील तिन्ही प्रयत्न फसले, तर एकूण बेरीजच धरली जात नाही. दोघींची बेरीज सारखी आली, तर जिचे शरीराचे वजन कमी ती पुढे जाते.

विशेष असे की शक्तितोलनात स्त्रिया आणि पुरुष यांचा बार एकच असतो. तो वीस किलोंचा. पाण्याचा वीस लिटरचा जार जेवढा जड, तेवढा नुसता बार. मुलींसाठी वेगळा हलका बार नाही, सवलतीचे गुण नाहीत. वजनगट ४७ किलोंपासून ८४ किलोंच्या वरपर्यंत असल्याने बारीक चणीच्या मुलीला आणि भरल्या अंगाच्या मुलीला आपापल्या बरोबरीच्या प्रतिस्पर्धी मिळतात. ज्या मुलीला वर्गात ‘जाडी’ म्हणून हिणवले जाते, तिच्या देहाला मानाची जागा देणारे खेळ थोडे आहेत. हा त्यांतला एक.

या खेळाची थोरली बहीण म्हणजे वेटलिफ्टिंग, म्हणजे भारोत्तोलन. त्यात वजन डोक्यावर नेले जाते. पुरुषांचे भारोत्तोलन १८९६ च्या पहिल्या अथेन्स ऑलिंपिकमध्येच होते. स्त्रियांना त्यासाठी २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपर्यंत, म्हणजे १०४ वर्षे, वाट पाहावी लागली. दार उघडले त्याच वर्षी आंध्र प्रदेशच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातील करणम मल्लेश्वरी हिने ६९ किलो गटात एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. २०२१ मध्ये ती दिल्ली क्रीडा विद्यापीठाची पहिली कुलगुरू झाली. सिडनीतच, त्याच वर्षी, दिव्यांगांच्या पॅरालिंपिकमध्येही स्त्रियांचे शक्तितोलन प्रथम आले. तेथे केवळ बेंच प्रेस असतो. लहानपणी पोलिओ झालेली पश्चिम बंगालची सकीना खातून याच प्रकारात २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदकाची मानकरी ठरली आणि टोकियो पॅरालिंपिकमध्ये तिने पाचवा क्रमांक मिळवला.

मणिपूरच्या मीराबाई चानूची कथा सर्वांना ठाऊक आहे. तिचा एक भाग मात्र पालकांनी पुन्हा आठवावा असा आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ‘क्लीन अँड जर्क’ प्रकारातील तिचे तिन्ही प्रयत्न फसले आणि तिच्या नावापुढे एकूण वजनच लागले नाही. पुढच्या वर्षी ती जगज्जेती झाली. टोकियोत ४९ किलो गटात २०२ किलो उचलून तिने रौप्यपदक जिंकले आणि २०२४ मध्ये पॅरिसला केवळ एका किलोने तिचे कांस्यपदक हुकले. घरापासून इंफाळच्या प्रशिक्षण केंद्रापर्यंत तिला वाटेत नेऊन सोडणाऱ्या ट्रकचालकांना तिने टोकियोहून परतल्यावर शोधून घरी बोलावले आणि त्यांचा सत्कार केला. यशात कोणाचा वाटा किती, याचीही नोंद तिने ठेवली.

आता पालकांच्या शंका.

पहिली शंका दिसण्याची. वजने उचलून मुलगी पुरुषी दिसू लागेल, लग्नाच्या बाजारात अडचण येईल, असे उघडपणे किंवा आडून विचारले जाते. पुरुषांचे स्नायू ज्या संप्रेरकाच्या बळावर फुगतात, त्या टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण स्त्रियांच्या शरीरात अनेक पटींनी कमी असते. नियमित सरावाने मुलगी सशक्त आणि बांधेसूद होते, तिची चाल बदलते, ती सरळ उभी राहू लागते. सरळ उभ्या राहणाऱ्या मुलीमुळे ज्या स्थळाला अडचण वाटेल, ते स्थळ गेलेलेच बरे.

दुसरी शंका उंचीची. वजनामुळे वाढ खुंटते, असा समज घरोघरी आहे. जाणकार प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेल्या बलसाधनेमुळे मुलांची उंची खुंटत नाही, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट म्हटले आहे. ‘देखरेखीखाली’ आणि ‘योग्य पद्धतीने’ हे शब्द मात्र त्यातून गाळता येत नाहीत.

कारण तिसरी शंका दुखापतीची आहे, आणि ती सर्वांत गंभीर आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजस्थानातील बिकानेर येथे सतरा वर्षांची एक पदकविजेती मुलगी सराव करीत असताना २७० किलोंचा बार तिच्या मानेवर कोसळला आणि तिचा मृत्यू झाला. या खेळाविषयी मुलींच्या पालकांशी बोलताना ही घटना लपवणे हा अपराध ठरेल. स्क्वॉटच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी आडवे सुरक्षादांडे असावेत, दोन्ही टोकांना आणि पाठीमागे आधार देणारे तयारीने उभे असावेत आणि मुलगी जे वजन उत्तम पद्धतीने पेलते त्याच्या फार पुढे जाण्याचा मोह प्रशिक्षकाने टाळावा, एवढ्या गोष्टी नसतील तेथे मुलीला पाठवू नये. पालकांनी व्यायामशाळेचे शुल्क विचारण्याआधी ते सुरक्षादांडे पाहावेत.

चौथी गोष्ट शंकेची नसून कर्तव्याची आहे. ती म्हणजे ताट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. दहांपैकी सहा मुली. रक्तात लोह नसलेल्या मुलीच्या हाती लोखंड देऊन काही साधत नाही. डाळ, उसळ, दूध, दही, शेंगदाणे, पालेभाजी, आणि ज्या घरात चालते तेथे अंडी व मासे, हे तिच्या ताटात भावाच्या ताटाइतकेच पडले पाहिजेत. वजनगटात बसण्यासाठी उपाशी राहणाऱ्या मुली या खेळात दिसतात. अशा मुलीची मासिक पाळी बंद पडली, तर ती शरीराने दिलेली धोक्याची सूचना समजावी आणि तिला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. तसेच डब्यांतून मिळणारी पूड आणि कोणी ‘ताकदीसाठी’ देऊ केलेली गोळी किंवा इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्यावाचून घरात येऊ देऊ नये. बंदी घातलेल्या औषधांमुळे कारवाई झालेल्या खेळाडूंच्या यादीत वजनाच्या खेळांची नावे आपल्या देशात वारंवार येतात. तो कलंक खेळाडूच्या माथी लागतो, देणारा नामानिराळा राहतो.

येथे जमलेल्या मातांना आणि पन्नाशी-साठी गाठलेल्या माजी विद्यार्थिनींनाही या विषयात स्थान आहे. ज्युलियस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ मध्ये मांडले, की हाडावर जसा भार पडतो तसे हाड स्वतःला घडवते. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास तेच दाखवतो. पाळी थांबलेल्या, हाडांची घनता कमी झालेल्या १०१ स्त्रिया त्यात होत्या, सरासरी वय ६५. त्यांपैकी एका गटाला आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास, आठ महिने देखरेखीखाली स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि वजन डोक्यावर नेण्याचा जड सराव दिला गेला. त्या गटात कण्याच्या हाडांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली, तर घरच्या घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती १.२ टक्क्यांनी घटली. ‘या वयात वाकू नका, उचलू नका’ एवढाच सल्ला ऐकत आलेल्या पिढीने हा निष्कर्ष आपल्या डॉक्टरांपुढे ठेवून त्यांचे मत जरूर विचारावे.

शक्तितोलनाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मुलींना वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर प्रवेश मिळतो आणि प्रौढांच्या गटांपैकी शेवटचा गट ७० वर्षांपुढील स्त्रियांचा आहे. म्हणजे नात आणि आजी एकाच खेळात आपापल्या गटात उतरू शकतात. भावना टोकेकर यांनी वयाच्या ४१ व्या वर्षी वजने उचलायला प्रारंभ केला. दोन मुलांची ही आई ४७ व्या वर्षी, जुलै २०१९ मध्ये, रशियातील चेल्याबिन्स्क येथील स्पर्धेत चार सुवर्णपदके जिंकून आली. केरळमधील माजिझिया भानू हिने दंतवैद्यकाचे शिक्षण घेता घेता, हिजाब परिधान करून, हाच खेळ निवडला. पोशाख, वय, शिक्षण, संसार यांपैकी कोणतीही गोष्ट बारच्या आड आली नाही.

मुली साधारणतः आठवी-नववीत आरशासमोर उभ्या राहू लागतात, आणि त्याच वयात त्यांची मैदानावरील हजेरी कमी होऊ लागते. त्या काळात त्यांच्या आयुष्यात एक आकडा शिरतो, तो वजनकाट्यावरचा. तो कमी व्हावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. तो कमी झाला तरी मुलगी सुखी होतेच असे नाही, कारण तिने काही केल्याचे त्या आकड्यात कोठे दिसत नाही. बारवरचा आकडा निराळा. मागच्या महिन्यात ३० किलो, या महिन्यात साडेबत्तीस. हे अडीच किलो तिने स्वतः मिळवलेले असतात. ते कोणी दिलेले नसतात आणि कोणाच्या टोमण्याने ते कमी होत नाहीत. परीक्षेतील गुणांवर पेपर तपासणाऱ्याची छाया असते, दिसण्यावर पाहणाऱ्याची. वजन तेवढे कोणाचे तोंड पाहत नाही.

म्हणून प्रस्तावित वर्गाची रूपरेषा साधी ठेवली आहे. प्रत्येक मुलीची प्रथम वैद्यकीय तपासणी आणि रक्ततपासणी व्हावी. पहिले तीन महिने बार नाही, केवळ लाकडी काठीने बसण्या-उठण्याची आणि वाकण्याची पद्धत शिकवली जावी. प्रशिक्षिका पात्र असावी आणि तिच्या गैरहजेरीत कक्ष बंद राहावा. स्पर्धेत उतरणे ऐच्छिक असावे. कोणत्याही मुलीचे शरीराचे वजन चारचौघींत उच्चारले जाऊ नये. आणि कक्षात एक जाड वही असावी, जिच्यात प्रत्येकीचे नाव, दिनांक आणि तिने त्या दिवशी उचललेले वजन शाईने लिहिले जावे.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे वैद्यकीय व्यवसायात आहेत त्यांनी तपासणीची जबाबदारी घ्यावी आणि जे उद्योगात आहेत त्यांनी चौकटी व सुरक्षादांडे द्यावेत. हीरक महोत्सवाच्या देणग्यांतून एखादी कमान कमी झाली तरी चालेल. पालकांकडून मात्र पैशाची अपेक्षा नाही. येत्या आठवड्यात मुलींच्या दप्तरातून एक संमतिपत्र घरी येईल. ते वाचावे, शंका असतील तर शाळेत येऊन विचाराव्यात, कक्ष डोळ्यांनी पाहावा आणि मग आपल्या लेकीशी बोलून निर्णय घ्यावा.

साठ वर्षांत या शाळेच्या हजेरीपटांवर हजारो मुलींची नावे लिहिली गेली. त्या नावांपुढे ‘उपस्थित’ असे आहे, ‘उत्तीर्ण’ असे आहे. त्यांच्यातल्या कितीजणींनी घरी आणि दारी काय काय उचलले, ते कोठेही लिहिलेले नाही. पुढल्या पिढीपुरते तरी ते लिहिले जावे, म्हणून ती वही आणली आहे. पहिले पान अजून कोरे आहे.